एक कमी सांगावं

१

मुलं मोजू नयेत, असं इजिप्तमधल्या आमच्या दुम्यातमध्ये मानतात. मोजावी लागलीच, तर एक कमी सांगावं. माझी बायको इन्शिराह हा नियम पाच वेळच्या नमाजापेक्षा काटेकोरपणे पाळायची. नमाज कधीमधी चुकलेली मी पाहिली आहे. आम्हाला नातवंडं तीन, पण शेजारणीनं विचारलं की दोन, डॉक्टरनं विचारलं की दोन. जनगणनेवाला आला तेव्हा तिघंही त्याच्या पायाशी लोळत होती, तरी त्यालाही दोनच.

"उम्म वाइल, त्या माणसाला डोळे आहेत," मी म्हणालो. आमच्याकडे बाईला मुलाच्या नावानं हाक मारतात; उम्म वाइल म्हणजे वाइलची आई.

"डोळे आहेत म्हणूनच तर," ती म्हणाली. "भीती डोळ्यांचीच असते, हाज."

काबा मी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिला आहे. पण साठी उलटली की आमच्याकडे सगळेच हाज होतात.

दृष्टबिष्ट मी हसण्यावारी नेत आलो. मग गेल्या ऑगस्टमध्ये सगळ्यात धाकटा, नूह, तीन दिवसांच्या तापात गेला. पाच वर्षांचा होता. चाळिसाव्या दिवशी, माणसं उठून गेल्यावर, कॉफीचे कप गोळा करणाऱ्या इन्शिराहला मी एक वाक्य ऐकवलं.

"एकाला सारखी बाहेर ठेवत होतीस ना? घे. कुणीतरी तुझा शब्द खरा मानला."

उलट उत्तर हे तिचं चाळीस वर्षांचं घरकाम, पण त्या दिवशी ती कप घेऊन आत गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. त्यानंतर कुणी विचारलं तरी ती आकडाच सांगायची नाही.

मी माफी मागितली नाही. म्हटलं, बोलू कधीतरी.

२

रमजानची ईद आली. माझा मुलगा वाइल कुवेतला नोकरीला आहे. नूहला मातीत ठेवायला आला होता, दहा दिवसांनी परत गेला. ईदच्या पहिल्या दिवशी त्याचा फोन आला.

"बाबा, मुलांना मलाहीत न्या, त्या पाळण्यांच्या बागेत. पाळण्यात बसवा, धक्क्याच्या गाड्यांत बसवा. रबाबलाही न्या."

"ती येणार नाही रे."

"न्याच," तो म्हणाला. "भाऊ गेला त्यांचा, बाबा. निदान आई तरी परत द्या त्यांना."

खरं होतं ते. माझी सून रबाब स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, मुलांना शाळेत सोडायची. फक्त बघायची नाही. ताटात वाढायची, पण ताट कुणाचं ते न बघता. रुकय्या अकरा वर्षांची, ती समजून घ्यायची. जासिर आठ वर्षांचा. तो मुद्दाम पाण्याचा ग्लास सांडायचा, म्हणजे आई निदान ओरडेल. रबाब फडकं आणून पुसायची.

तिच्या मनात काय रुतलं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या ईदला नूहनं कपबशीच्या पाळण्यात आणखी एक फेरी मागितली होती. हात जोडून मागितली. "पुढच्या ईदला," रबाब म्हणाली होती. जगातली प्रत्येक आई दिवसातून तीनदा असं काहीतरी म्हणते.

यंदा ईदच्या पहाटे आम्ही रिवाजाप्रमाणे कबरस्तानात गेलो. मऊ रोट्या वाटल्या, नूहचे धुतलेले कपडे वाटले. पिस्त्याच्या रंगाचा ईदचा शर्ट कुणा बाईनं आपल्या पोरासाठी नेला. रबाब तेव्हाही रडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्या गावाला खारवलेल्या माशांचा वास येत असताना, आम्ही पाच जण समुद्रकाठच्या रास-अल-बरला निघालो. तिथल्या मलाहीचं नाव झुमुर्रुदा, म्हणजे पाचू. रंग उडून तिचा आता पोपट झाला आहे.

३

फाटकावर एक मुलगी कागदी पट्ट्यांचा जुडगा घेऊन उभी होती. मुलांच्या मनगटाला पट्टी बांधायची, मग ती सगळ्या पाळण्यांत चालते. मागून गर्दीचा रेटा होता.

"मुलं किती, तेता?" तिनं विचारलं. कुठल्याही म्हाताऱ्या बाईला तेताच म्हणतात, आजी.

इन्शिराहनं माझ्याकडे पाहिलं. एवढंसंच पाहिलं, पण ते वाक्य इतक्या महिन्यांनी पुन्हा आमच्या दोघांमध्ये येऊन उभं राहिलं.

"दोन," ती म्हणाली.

दोनच होती. चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तिनं खरा आकडा सांगितला होता.

मुलीनं रुकय्याला पट्टी बांधली. मग खाली वाकली, दुसरी बांधली आणि म्हणाली, "जा, मजा करा."

"माझी?" जासिर म्हणाला. त्याचं मनगट पुढे केलेलंच होतं.

"दोन दिल्या की."

"एकच दिलीस, बेटा," मी म्हणालो. "हा राहिला."

"गिद्दू, दोन मुलं, दोन पट्ट्या. माझ्या हातानं बांधल्यात." आजोबाला गिद्दू म्हणायचं, म्हणजे भांडताना आदर सुटत नाही. "मागे लोक खोळंबलेत. पुढे व्हा."

मी जमिनीवर शोधलं. पट्टी पडली असेल, वाऱ्यानं उडाली असेल. ईदच्या दिवशी पोरीला सकाळपासून हजार मनगटं दिसली असतील. मी माझा रुमाल जासिरच्या मनगटाला बांधला आणि म्हणालो, "ही खास साहेबांची पट्टी."

तो हसला. मला आठवतंय, तेव्हा तो हसला होता.

पण चालताना एक गोष्ट मनात राहिली. दुसरी पट्टी बांधायला ती मुलगी फार खाली वाकली होती. जासिर तिच्या खांद्याला लागत होता.

४

रबाब बाकावर बसली. इन्शिराहनं पिशवीतून काहक, म्हणजे ईदची बिस्किटं, काढली, पिठीसाखर सगळ्यांच्या कपड्यांवर सांडली. मलाहीत आवाजाची कमी नव्हती. प्रत्येक पाळण्याचं गाणं वेगळं, आणि सगळ्यांच्या वरून कर्णा.

कर्णा हरवलेल्या मुलांची वर्दी देत होता. दर ईदला निम्मं गाव इथं पोरं हरवतं आणि निम्मं गाव ती शोधतं. "लाल झगा, वय चार, नाव हबीबा. आईनं खोलीत यावं." मी लक्ष देत नव्हतो.

"मुलगा, वय सुमारे पाच. पिस्ता रंगाचा शर्ट. नाव सांगत नाही. आईची वाट बघतोय."

रबाबच्या हातातली काहक थांबली.

मी मनाशी म्हणालो, तो शर्ट आपणच काल दिला. ज्याला दिला तो ईदला घालणारच, आणि ईदला पोरं मलाहीतच येणार. शिवाय पिस्ता रंगाचे शर्ट बाजारात यंदाही ढिगानं होते. मी आणखी दोन कारणं शोधून ठेवली.

"मी हात धुऊन येते," रबाब म्हणाली आणि उठून गेली.

पंधरा मिनिटांनी कर्णा म्हणाला, "पिस्ता शर्टवाल्या मुलाला त्याची आई मिळाली. अल्लाहची कृपा."

आणखी पाच मिनिटांनी रबाब आली. ती हसत होती. ओठ नुसते ताणलेले नव्हते, डोळ्यांपर्यंत हसू होतं, जसं आम्ही आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं. उजवा हात अंगापासून जरा दूर, जरा खाली, आणि मूठ अर्धवट मिटलेली.

"आई!" जासिर तिच्याकडे धावला.

"चला, गाड्यांत बसूया," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूनं पुढे गेली. गर्दीत आपण परक्या मुलाला वळसा घालून जातो, तशी.

इन्शिराहनं माझा दंड धरला. डोळ्यांत पाणी. "बघा हाज, हसली. माझी रबाब हसली."

"हसली," मी म्हणालो.

५

धक्क्याच्या गाड्यांवरच्या माणसानं रुकय्याला बसवलं, तिच्या शेजारचा पट्टा ओढून लावला आणि जासिरच्या छातीवर पंजा ठेवला. "भरली."

"भरली कशी? जागा आहे की."

"गिद्दू, दोघं बसलेत." तो माझ्याकडे असं बघत होता, की मी चष्मा पुसला. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला उन्हात कडा दुहेरी दिसतात. गाडी गेली. रुकय्या एका बाजूला अंग चोरून बसली होती, अगदी कडेला चिकटून.

उसाच्या रसवाल्यानं दोन ग्लास भरले. एक रुकय्याला दिला. दुसरा त्यानं ओट्यावरून वाकून बराच खाली धरला. रबाबनं तो मधेच घेतला, फुंकर घालून फेस सारला आणि म्हणाली, "हळू, शर्टावर सांडेल."

"दादा, इथे एक मुलगा राहिला," मी म्हणालो.

"तुमच्याबरोबर दोनच आहेत ना?" रसवाला म्हणाला. "कसे शांत आहेत. नाहीतर आमची, सैतान पण पाया पडतो."

माझा रस मी जासिरला दिला. तो प्यायला नाही, ग्लास नुसता धरून राहिला. त्याचा हात बर्फासारखा गार होता. ग्लासमुळे असेल.

इन्शिराह दोन म्हणाली होती. सगळे दोनच धरून चालले होते. फक्त कुठले दोन, ते बदललं होतं. हा विचार माझ्या डोक्यात आला, आणि असले विचार डोक्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांना लोक काय म्हणतात तेही आलं.

"रुकय्या, इकडे ये," मी हळूच म्हणालो. "तुझ्या शेजारी गाडीत कोण होतं?"

तिनं आईकडे पाहिलं. रबाब वाकून कुणाचं तरी नाक पुसत होती. पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे कुणाचं ते मला दिसलं नाही.

"आई हसतेय, गिद्दू," रुकय्या म्हणाली. "काही विचारू नका ना."

६

ऊन उतरलं तेव्हा आम्ही कपबशीच्या पाळण्यापाशी आलो. मोठी गोल फळी, तिच्यावर रंगीत कप, फळीही फिरते आणि कपही स्वतःभोवती फिरतात. रबाब त्या दोघांना घेऊन चढली. आता मीसुद्धा 'दोघांना' म्हणू लागलो होतो. निळ्या कपात एका कडेला रुकय्या बसली. दुसऱ्या बाजूला रबाबचा हात कुणाच्या तरी खांद्याभोवती असावा तसा वाकलेला होता.

कठड्यापाशी मी, इन्शिराह आणि जासिर.

"जा ना रे, तूही बस," मी म्हणालो. "बघू कोण अडवतो. मी त्याची टोपी फेकून देईन."

"नको."

"का?"

"मागच्या ईदला नूहच्या पाळीला मी बसलो होतो," जासिर म्हणाला. तो खाली बघत होता. "तो रडला, तरी आईनं मला काही म्हटलं नाही, त्यालाच गप्प केलं. आता त्याची पाळी आहे. मी थांबतो इथे."

"आणि घरी जायच्या वेळी?"

"मी थांबतो," तो पुन्हा म्हणाला. आवाज इतका बारीक, की मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं. "आई हसते ना त्याच्याबरोबर."

पाळणा सुरू झाला. मी त्याचं मनगट धरलं, रुमालासकट. मग मी इन्शिराहला म्हणालो, "उम्म वाइल, काहीतरी चुकतंय. याच्याशी बोल जरा."

तिनं पाहिलं. तिचा चेहरा प्रेमळ होता. परक्या मुलांशी बोलताना असतो तसा.

"अगंबाई, हे कुणाचं लेकरू धरून ठेवलंत? आई बोंबलत फिरत असेल त्याची." ती वाकली. "नाव काय रे सोन्या तुझं?"

"जासिर," तो म्हणाला.

"अय्या, आमच्याकडेपण..." ती म्हणाली आणि थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. कुलूप लावलं की नाही ते आठवताना पडतात तशा. "आमच्याकडेपण..." तिनं मान हलवली. "हाज, त्याला त्या हरवलेल्या मुलांच्या खोलीत सोडून या. लवकर. आपली दोघं उतरतील आता."

जासिर रडला नाही. निमूटपणे खोलीच्या दिशेनं वळला. रुमालाच्या आत मला त्याचं मनगट लागेना. माझ्या बोटांना फक्त कापड लागत होतं.

७

आयुष्यात मी सार्वजनिक जागी ओरडलो नाही. कचेरीत तर शिंकायलाही बाहेर जायचो. त्या दिवशी मी कठड्यावर अर्धा चढलो आणि निळा कप समोर आला तेव्हा ओरडलो, "रबाब! जासिर इथे आहे!"

ती पुढे गेली. लोक बघू लागले.

दुसऱ्या फेरीला: "रबाब! तुझा जासिर! आठ वर्षांचा! पायाळू जन्मला, दोन दिवस कळा दिल्यास तू!"

ती माझ्याकडे बघत होती. बघता बघता निघून गेली. इन्शिराह माझा कोट ओढत होती, "हाज, लाज वाटू द्या, लोक काय म्हणतील."

तिसऱ्या फेरीला माझ्याकडे शब्द उरले नव्हते. होतं ते एकच, आणि ते मी आठ महिने कुणासमोर उच्चारलं नव्हतं. घरात कुणीच उच्चारलं नव्हतं. आम्ही 'तो गेला' म्हणायचो, जणू चुलत्याकडे राहायला गेलाय.

"नूह मेला, पोरी," मी म्हणालो. ओरडलो नाही. गाण्याच्या गोंगाटात तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. "आपला नूह मेला. हा जिवंत आहे. हा जातोय."

कप माझ्यापुढून गेला तेव्हा रबाबचं हसू चेहऱ्यावर होतं. पलीकडून वळून आला तेव्हा नव्हतं. तिनं जासिरला पाहिलं. पाहताना तिचा चेहरा जसा झाला तसा मी कबरस्तानातही पाहिला नाही.

मग ती शेजारच्या रिकाम्या बाजूला वळली. वाकली. कानात सांगतात तसं काहीतरी बराच वेळ सांगत राहिली. मधे थांबत होती, समोरचं विचारतंय आणि आपण उत्तर देतोय तशी. एकदा नाही म्हणून मान हलवली. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं जिथे येईल, तिथे तिनं ओठ टेकले. त्या क्षणी सूर्य थेट माझ्या डाव्या डोळ्यात होता आणि कडा दुहेरी झाल्या होत्या. रबाबच्या मांडीवर एक लहान हात होता. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

पाळणा पूर्ण थांबायच्या आत तिनं रुकय्याला खेचून बाहेर काढलं. पाळणेवाला शिव्या घालत होता. ती कठड्याखालून वाकून आली आणि जासिरच्या खाडकन मुस्काटात मारली.

"कुठे होतास?" ती ओरडली. "कुठे होतास तू? किती शोधायचं मी?"

मग तिथेच खाली धुळीत बसली, त्याला मांडीवर ओढलं आणि रडायला लागली. आठ महिन्यांचं रडणं होतं. जासिरच्या गालावर चार बोटं उठली होती. तो आनंदानं हुंदके देत होता.

"काय झालं?" इन्शिराह म्हणाली. "जासिर पडला का? हाज, तुम्ही पोराकडे लक्ष का नाही देत?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक माझी," मी म्हणालो. "सगळीच." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी कशाबद्दल बोलतोय ते तिला कळलं.

८

आम्ही फाटकाकडे निघालो. रबाबनं एका हातानं रुकय्याला धरलं होतं, दुसऱ्यानं जासिरला. बोटं पांढरी पडावीत इतकं घट्ट. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. मान अशी ताठ, की मला तिच्या मानेकडे बघवेना.

मागे कपबशीचं गाणं पुन्हा सुरू झालं.

"टोपी राहिली," मी म्हणालो. "तुम्ही बसमध्ये जागा धरा."

पाळण्यात पोरं भरली होती. कठड्याला आयाबाप खेटून उभे होते. आपलं मूल समोरून गेलं की हात हलवायचा, हे त्यांचं काम. प्रत्येक फेरीला हलवावा लागतो. एकदा चुकला तर मूल पुढची अख्खी फेरी मान वळवून शोधत बसतं. निळ्या कपात कुणी चढलं नव्हतं, का कोण जाणे. गर्दी असून त्याच्याकडे कुणी गेलं नव्हतं. तो बाकीच्यांपेक्षा हळू फिरत होता, चाक फिरवायला हात पुरत नसावेत तसा.

मी काय पाहिलं ते सांगणार नाही. ऊन होतं आणि डोळा खराब आहे.

गाणं संपेपर्यंत मी उभा राहिलो. मग बसकडे आलो. इन्शिराह पुढे जागा धरून बसली होती, रुकय्या तिला टेकून झोपली होती. मागच्या बाकावर रबाब. जासिर तिच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होता, गाल अजून लाल. ती त्याच्या केसांतून पिठीसाखर झटकत होती.

मी तिच्या शेजारी बसलो. बस सुटली. बऱ्याच वेळानं, खिडकीबाहेर बघत तिनं विचारलं, "हात हलवलात, बाबा?"

"हो."

"प्रत्येक फेरीला?"

"प्रत्येक फेरीला," मी म्हणालो.